गोळीवरचे आवरण हा औषधाचाच भाग



भुईमुगाच्या शेंगा फोडताना ज्या दाण्यावरची तांबूस साल निघाली असेल, तो दाणा आपण पेरणीच्या बियाण्यातून काढून टाकतो. दाणा आतून कितीही टपोरा असला तरी साल नसल्यामुळे तो जमिनीतील बुरशीला लवकर बळी पडतो, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. घरातील औषधाच्या गोळीबाबत मात्र ही दक्षता घेतली जात नाही. म्हाताऱ्या माणसाला गोळी गिळवत नाही म्हणून ती खलबत्त्यात कुटून गुळातून दिली जाते. कॅप्सूल उघडून आतले दाणे मधात चुरडून कालवले जातात. मोठी गोळी दाताने तोडून अर्धी आज, अर्धी उद्या घेतली जाते. गोळीवरचा रंगीत थर म्हणजे कंपनीने केलेली सजावट, अशी सर्वसाधारण समजूत आहे. काही गोळ्यांच्या बाबतीत या समजुतीने फारसे बिघडत नाही. काहींच्या बाबतीत औषध वाया जाते. आणि थोड्या गोळ्या अशा आहेत, की त्यांच्या बाबतीत ही समजूत जिवावर बेतू शकते. कोणती गोळी कोणत्या प्रकारात मोडते हे ओळखता यावे, यासाठी प्रस्तुत लेखात आवरणांची माहिती दिली आहे.

शेतीच्या मासिकात गोळ्यांची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. एक तर ही आवरणे ज्या मालापासून बनतात, त्यातील बराचसा माल शेतात आणि रानात तयार होतो. साखर, मक्याचा स्टार्च, सरकीवरचे तंतू, पळसावरची लाख ही त्याची उदाहरणे होत. शिवाय रक्तदाब आणि मधुमेह हे आता शहराचे रोग राहिलेले नाहीत. रोज दोन-तीन गोळ्या घेणारे एखादे माणूस आज बहुतेक वाड्या-वस्त्यांवर आढळते.

कडू चव कशी झाकतात

औषध कडू लागण्यासाठी ते प्रथम लाळेत विरघळावे लागते. जिभेवर कडू चव ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक असतात आणि विरघळलेला कण त्यांच्यापर्यंत पोचला तरच कडूपणा कळतो. वनस्पतींतील पुष्कळशी विषे कडू असतात, त्यामुळे कडू ते थुंकून टाकावे ही शरीराची जुनी सवय आहे. लहान मुलांत ती अधिक तीव्र असते. क्विनीन, क्लोरोक्वीन, मेट्रोनिडाझोल ही औषधे ज्यांनी घेतली आहेत त्यांना याबद्दल अधिक सांगण्याची गरज नाही.

तेव्हा युक्ती एवढीच, की तोंडात असेपर्यंतच्या दहा-पंधरा सेकंदांत औषध विरघळू द्यायचे नाही. आपल्याकडे मध, तूप, गूळ यांच्या अनुपानाने जे साधले जात होते ते काही अंशी हेच होय. गोळीला चांदीचा वा सोन्याचा वर्ख लावण्याची पद्धतही जुनी आहे, मात्र त्या वर्खाने चव कितपत झाकली जाई आणि वैद्याची ऐपत कितपत दाखवली जाई, हा वेगळा विषय. सन १८३४ मध्ये पॅरिस येथे मोथ्स आणि ड्युब्लांक यांनी जिलेटिनच्या कॅप्सूलचे पेटंट घेतले, तेही एक अतिशय बेचव तैलराळ रुग्णाला घेता यावी म्हणून. त्याच शतकात फ्रान्समधील औषध बनवणाऱ्यांनी गोळीवर साखरेचा थर चढवण्यास सुरुवात केली आणि पुढे शंभर वर्षे हीच पद्धत जगभर चालली.

साखरेचा थर कसा चढवतात हे आपल्या घरातील भगिनींना वेगळे शिकवावे लागणार नाही. संक्रांतीला तिळाचा किंवा खसखशीचा काटेरी हलवा करताना परातीत तीळ गरम ठेवून त्यावर चमचा-चमचा पाक सोडतात आणि हाताने सतत फिरवत राहतात. पाक सुकला की पुन्हा पाक. कारखान्यात परातीऐवजी तांब्याचे किंवा पोलादाचे फिरते तिरके भांडे असते आणि हाताऐवजी गरम हवेचा झोत असतो, एवढाच काय तो फरक. आतली गोळी पाकाच्या पाण्याने भिजू नये म्हणून प्रथम लाखेचा पातळ हात देतात. त्यावर डिंक आणि शंखजिरे घातलेला पाक देऊन कडा गोल करतात, मग गुळगुळीत थर, मग रंग, आणि शेवटी मेणाची चकाकी. या सर्व कामाला काही वेळा चार-पाच दिवस लागतात आणि गोळीचे वजन मूळच्या ३० ते ५० टक्क्यांनी वाढते. हलवा करताना घाई केली तर काटा येत नाही, तसेच येथेही घाई केल्यास थर तडकतो.

साखरेचा थर असलेल्या गोळ्यांपैकी आपल्या गावात सर्वांत जास्त वाटली जाणारी गोळी म्हणजे लोह व फॉलिक ॲसिडची गोळी. लोहाच्या क्षाराची चव गंजासारखी लागते, जीभ व दात काळवंडतात, आणि उघड्या हवेत दमटपणामुळे हा क्षार खराबही होतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात म्हणून साखरेचा थर दिलेल्या गोळ्याच ठरवण्यात आल्या. ५ ते ९ वर्षे वयाच्या मुलांसाठी आठवड्यातून एक गुलाबी गोळी असून तीत ४५ मिलिग्रॅम लोह असते. किशोरवयीन मुलामुलींसाठी निळी आणि गरोदर स्त्रियांसाठी लाल गोळी असते व त्या दोन्हींत ६० मिलिग्रॅम लोह असते. मूल निळी गोळी आणि आई लाल गोळी घेते, याचा अर्थ रंग हीसुद्धा आवरणाने केलेली सोय आहे.

याच ठिकाणी एक धोक्याची सूचना. लाल, चकचकीत आणि वरून गोड असलेली गोळी तीन वर्षांच्या मुलाला लिमलेटच्या गोळीपेक्षा वेगळी वाटत नाही. गरोदर आईला मिळालेल्या गोळ्या उशाखाली, कोनाड्यात किंवा देवघरात ठेवलेल्या असतात आणि रांगते-चालते मूल त्या एकामागून एक खाऊन टाकते. जास्त लोह पोटात गेल्यास जठर व आतड्याच्या अस्तराला इजा होते, उलट्या व रक्ताचे जुलाब होतात. नंतर काही तास मूल बरे झाल्यासारखे दिसते आणि मग यकृत बिघडून प्रकृती एकदम ढासळते. मधल्या काळातील हे बरे दिसणे फसवे असते. अशा वेळी घरगुती उपाय न करता गोळ्यांचे पाकीट बरोबर घेऊन मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. चव झाकण्याच्या तंत्राची ही दुसरी बाजू आहे. कडूपणा ही मुलाची राखण होती आणि ती आपण काढून घेतलेली आहे, तेव्हा राखणीचे काम आता घरातील मोठ्या माणसांनी करावयाचे आहे. लहान मुलाला औषध देताना ‘खाऊ’ म्हणण्याची सवयही याच कारणाने टाळावी.

सरकीवरच्या तंतूंचा पापुद्रा

१९५४ नंतर साखरेच्या थराची जागा हळूहळू पातळ पापुद्र्याने घेतली. आज बाजारातील बहुतेक रंगीत गोळ्यांवर असलेला पापुद्रा केसाच्या जाडीइतका किंवा त्याहूनही पातळ असतो आणि गोळीच्या वजनात तो जेमतेम २ ते ४ टक्के भर घालतो. त्याचा मुख्य घटक सेल्युलोजपासून बनवतात. हे सेल्युलोज लाकडाच्या लगद्यापासून किंवा कापसापासून मिळते. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जे आखूड तंतू चिकटून राहतात, त्यांना लिंटर म्हणतात. हे लिंटर म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असते. त्यावर रासायनिक प्रक्रिया केली की पाण्यात विरघळणारा पदार्थ तयार होतो, आणि त्याचा फवारा फिरत्या गोळ्यांवर मारून गरम हवेने वाळवतात. शाकाहारी कॅप्सूलचे टरफलही याच पदार्थाचे असते. नेहमीच्या कॅप्सूलचे टरफल जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचे असते.

हा साधा पापुद्रा जठरात काही मिनिटांत विरघळतो. चव झाकणे, गोळी घशातून सुलभ उतरणे, हवा-उजेडापासून बचाव, एवढीच त्याची कामे. गोळी पुढे फुटते ती बहुधा आतल्या स्टार्चसारख्या पदार्थामुळे. मक्याचा स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि गोळी आतून उकलते. अशा साध्या पापुद्र्याची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने कुटून दिली तर पुष्कळदा कडूपणापलीकडे नुकसान होत नाही. अडचण अशी, की पुढे सांगितलेल्या दोन प्रकारच्या गोळ्या बाहेरून अगदी तशाच दिसतात.

आम्लातून पार होणारे कवच

जमिनीचा सामू आपण तपासून घेतो. सामू बदलला की तेच खत, तेच अन्नद्रव्य पिकाला उपलब्ध होते किंवा होत नाही. पोटातही तसेच आहे. रिकाम्या जठराचा सामू साधारण १ ते ३ इतका, म्हणजे तीव्र आम्लधर्मी असतो. त्यापुढील लहान आतड्यात तो ६ ते ७.५ पर्यंत चढतो. काही औषधे जठरातील आम्लात नष्ट होतात. पित्तावर दिले जाणारे ओमेप्राझोल हे त्याचे ठळक उदाहरण असून उघडे औषध आम्लात पडल्यास काही मिनिटांतच त्याची मोडतोड होते. आम्ल कमी करण्यासाठी दिलेले औषध आम्लातच मरते, हा विचित्र योग खरा. उलट डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके आणि ॲस्पिरिन आम्लाने बिघडत नाहीत, पण ती जठराच्या अस्तराला त्रास देतात. दोन्ही बाबतींत उपाय एकच, तो म्हणजे जठरात न विरघळणारे आणि आतड्यात विरघळणारे कवच.

असे कवच करण्याची खटपट १८८४ मध्ये जर्मन डॉक्टर उन्ना यांनी शिंगा-नखांतील केराटिन वापरून केली. ते फारसे भरवशाचे ठरले नाही. त्या मानाने पुष्कळच चांगले काम केले ते लाखेने. लाख आम्लात विरघळत नाही, पण सोड्याच्या पाण्यात विरघळते, ही गोष्ट लाखेचे काम करणाऱ्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तिच्यातील आम्लगुणी घटक आम्लात निवांत राहतात आणि सामू वाढला की पाण्याशी जुळवून घेतात. जठर आणि आतडे यांच्यातील फरक ओळखण्यासाठी एवढा गुण पुरेसा आहे.

लाखेविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण हे आपल्या देशाचे पीक आहे. केरिया लॅक्का हा बारीक कीटक पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बसून रस शोषतो आणि अंगाभोवती राळेचे कवच करतो. झाडाच्या फांदीवरून खरवडलेली ती काडी लाख, धुऊन स्वच्छ केलेली ती दाणे लाख आणि वितळवून पातळ पत्रे केलेला तो चपडा. रंगीनी आणि कुसमी या दोन जातींची मिळून वर्षात चार पिके निघतात. झारखंड व छत्तीसगड ही या पिकाची प्रमुख राज्ये असून आपल्याकडे गोंदिया, गडचिरोली भागात पळस व कुसुमावर लाख घेतली जाते. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये लाख संशोधन संस्था स्थापन झाली. २००७ मध्ये तिचे नाव भारतीय नैसर्गिक राळ व डिंक संस्था झाले आणि २०२२ पासून ती राष्ट्रीय दुय्यम कृषी संस्था म्हणून ओळखली जाते. लाख म्हटली की बांगड्या, मोहोर आणि सुताराचे पॉलिश एवढेच आपल्याला आठवते. औषधाच्या गोळीवर, सफरचंदाच्या चकाकीत आणि चॉकलेटच्या गोळ्यांवर हीच लाख शुद्ध करून वापरली जाते. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर ई ९०४ असा क्रमांक आढळला तर ती आपली लाख समजावी.

लाखेचे गुण सांगताना दोषही सांगितले पाहिजेत. निसर्गातील माल असल्यामुळे झाड, हंगाम आणि प्रक्रिया यांनुसार तिचा दर्जा बदलतो. शिवाय साठवणीत लाख हळूहळू अधिक कडक होत जाते आणि तिचा विरघळण्याचा गुण कमी होतो. असे झाले तर गोळी आतड्यातही न उघडता तशीच बाहेर पडते. त्यामुळे सेल्युलोजवर प्रक्रिया करून तयार केलेले पदार्थ आणि ॲक्रिलिक जातीचे कृत्रिम पदार्थ यांनी औषधांच्या कामात लाखेला बऱ्याच अंशी मागे सारले. औषध कारखान्याला एकसारखा माल लागतो. धुलाई, मेण काढणे आणि साठवण यांत काटेकोरपणा आणल्याखेरीज या बाजारात उत्पादकाला चांगला भाव मिळणे कठीण, असे आमचे मत आहे.

आम्लरोधक कवचाची परीक्षाही ठरलेली असते. इंडियन फार्माकोपियातील पद्धतीनुसार अशी गोळी प्रथम आम्लात २ तास हलवत ठेवतात आणि त्या वेळात तिला तडा जाता कामा नये. त्यानंतर ६.८ सामूच्या द्रावणात ती तासाभरात उकलली पाहिजे. एवढ्या परीक्षेतून उतरलेले कवच आपण खलबत्त्याच्या दोन ठोक्यांत फोडतो. पित्ताची गोळी कुटून दिली तर औषध जठरातच संपते आणि रोग्याला गुण येत नाही. मग गोळीत दम नाही म्हणून आपण डॉक्टर बदलतो.

दुधाबरोबर गोळी घेण्याच्या सवयीबद्दलही येथेच सांगणे योग्य होईल. दूध किंवा पित्तशामक पातळ औषध पोटात गेले की जठराचा सामू काही काळ वाढतो. बद्धकोष्ठावरील बिसाकोडिल या गोळीचे कवच त्यामुळे आतड्याऐवजी जठरातच उघडते आणि पोटात मुरडा येतो. या गोळीच्या आधी-नंतर तासभर दूध घेऊ नये. गोळी कशाबरोबर घ्यावी असे सांगितलेले नसेल, तर साधे पाणी पेलाभर, हे सर्वांत सुरक्षित होय.

नियमाला एक अपवाद नोंदवून ठेवतो. छातीत एकाएकी कळ येऊन हृदयविकाराचा झटका असल्याची शंका आल्यास डॉक्टर काही रुग्णांना ॲस्पिरिनची गोळी चावून खाण्यास सांगतात. तेथे औषध ताबडतोब रक्तात जाणे महत्त्वाचे असते आणि कवचाने त्याला उशीर होतो. मात्र हा निर्णय डॉक्टरांचा आहे, शेजाऱ्यांचा नव्हे, कारण ॲस्पिरिन काही रुग्णांना अपायकारकही ठरते.

हळूहळू सुटणारे औषध

२०१५ पासून देशात मिळणाऱ्या युरियाला निंबोळी तेलाचे आवरण असते. या आवरणामुळे नत्राचे रूपांतर मंदावते आणि पिकाला ते अधिक काळ मिळत राहते. औषधांतही असाच एक वर्ग आहे. दिवसातून तीन वेळा घ्यावयाचे औषध एकाच गोळीत भरून ते १२ किंवा २४ तासांत थोडे थोडे सुटेल अशी व्यवस्था केलेली असते. काही गोळ्यांवर अत्यंत बारीक छिद्रांचे न विरघळणारे कवच असते, काहींत औषध फुगणाऱ्या चिकट पदार्थात कोंडलेले असते, तर काही कॅप्सूलमध्ये राजगिऱ्याएवढे शेकडो दाणे असतात आणि प्रत्येक दाण्याला स्वतंत्र आवरण असते.

अशी गोळी कुटली म्हणजे दिवसभराचा डोस एका घटकेत अंगात जातो. पिकाला शिफारशीचे सर्व नत्र एकाच दिवशी बुंध्याशी दिले तर काय होते ते आपण जाणतो. रक्तदाबावरील निफेडिपिनची हळूहळू सुटणारी गोळी कुटून दिल्यास रक्तदाब एकदम कोसळतो आणि वृद्ध माणूस त्यातून सावरेलच असे नाही. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी साखर धोक्याच्या पातळीखाली उतरू शकते. दम्यावरील थिओफायलिनमध्ये उपयोगाची मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते, त्यामुळे तेथे तर ही चूक मुळीच परवडत नाही. सकाळी एकदम सर्व औषध गेल्यामुळे रात्री त्याचा अंमल उरत नाही, हा दुसरा तोटा.

या गोळ्या ओळखाव्यात कशा? नावापुढील अक्षरे पाहावीत. एस.आर., ई.आर., एक्स.आर., एक्स.एल., सी.आर., एम.आर., रिटार्ड अशी अक्षरे असली तर ती हळूहळू सुटणारी गोळी समजावी. ई.सी. किंवा डी.आर. असेल तर ती आम्लरोधक कवचाची गोळी किंवा कॅप्सूल होय. अनेक कंपन्या पाकिटावर ‘चावू नये, कुटू नये’ असे छापतात, पण अक्षरे बारीक आणि बहुधा इंग्रजीत असतात. मुलामुलींकडून ती वाचून घ्यावीत. पाकिटावर यापैकी काहीही नसले तरी खात्री धरू नये, औषध दुकानातील फार्मासिस्टला विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही, बियाण्याच्या पिशवीवरील लेबल आपण दुकानदाराकडून समजून घेतोच. गोळीवर मधोमध खाच असेल तर ती सामान्यतः अर्धी करता येते. रक्तदाबावरील मेटोप्रोलॉलच्या काही हळूहळू सुटणाऱ्या गोळ्याही खाचेवर मोडता येतात, कारण त्यांत आवरण आतल्या प्रत्येक दाण्याला असते. पण मोडता येणे वेगळे आणि चुरा करणे वेगळे.

चर्चासत्रांत भगिनींकडून एक प्रश्न हमखास येतो, की गोळी शौचातून जशीच्या तशी पडली तर ती लागू पडली नाही असे समजावे काय? या वर्गातील काही गोळ्यांतून औषध पाझरून जाते आणि न विरघळणारे रिकामे टरफल किंवा मऊ गोळा तेवढा बाहेर पडतो. मेटफॉर्मिनच्या हळूहळू सुटणाऱ्या गोळीबाबत हे नेहमी दिसते. मळणीनंतर उरलेल्या भुसासारखेच ते. त्यासाठी दुसरी गोळी घेऊ नये, डॉक्टरांना पुढील भेटीत सांगावे.

गिळता येत नसेल तर

घरातील वृद्ध व्यक्तीला, पक्षाघात झालेल्याला किंवा लहान मुलाला गोळी गिळता येत नसेल तर ते औषध लिहून देतानाच डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. पुष्कळ औषधे पातळ स्वरूपात किंवा पाण्यात विरघळणाऱ्या गोळीच्या स्वरूपात मिळतात. अतिसारात १४ दिवस दिली जाणारी झिंकची गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून देण्यासाठीच बनवलेली असते आणि तिची धातूसारखी चव आधीच झाकलेली असते. जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी तर चावूनच खावयाची असते. ओमेप्राझोलच्या काही कॅप्सूल उघडून आतील दाणे चमचाभर मऊ, गार पदार्थावर घालून न चावता गिळता येतात, पण ते दाणे चुरडावयाचे नाहीत. म्हणजे कुटण्याला पर्याय बहुधा असतो, तो विचारला पाहिजे. सर्वसाधारण माणसाने गोळी बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. आडवे पडून किंवा कोरडी गोळी घेतल्यास ती अन्ननलिकेत चिकटून तेथे व्रण होऊ शकतो.

साठवण

बियाणे ओलाव्याने बिघडते तशीच आवरणेही बिघडतात. जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये १३ ते १६ टक्के पाणी असते. कोकणातील पावसाळ्यात ती उघडी राहिल्यास मऊ पडून एकमेकींना चिकटतात आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात ठेवल्यास ठिसूळ होऊन तडकतात. साखरेचा थर पाघळतो. गोळ्या पाकिटातून सोडवून एका डबीत भरून ठेवण्याची पद्धत सोयीची वाटते, पण पाकीट हेसुद्धा गोळीचे बाहेरचे आवरणच आहे. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेले पाकीट तर खास ओलाव्यास नाजूक औषधासाठी वापरलेले असते. घ्यावयाच्या वेळी तेवढीच गोळी सोडवावी. डाग पडलेली, तडकलेली, फुगलेली किंवा चिकट झालेली गोळी वापरू नये. आणि कीटकनाशकाच्या कपाटात माणसाचे औषध कोणत्याही परिस्थितीत ठेवू नये, मग त्या कपाटाला कुलूप असले तरी.

जनावरांना माणसाच्या गोळ्या

शेवटी गोठ्याविषयी. गाय लंगडली की घरात उरलेल्या वेदनाशामक गोळ्या भाकरीत घालून देण्याचा प्रकार अजूनही चालतो. आवरणाच्या दृष्टीने पाहिले तर हा हिशेबच चुकतो. गाई-म्हशीच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. त्याचा सामू सुमारे ६ ते ७ असतो. माणसाच्या आतड्यात उघडण्यासाठी केलेले कवच तेथेच उघडते आणि औषध लाखो-कोट्यवधी सूक्ष्मजीवांच्या हवाली होते. आम्ल लागते ते पुढे, चौथ्या कप्प्यात. म्हणून दुभत्या जनावरांसाठी मेथिओनिनसारखी अमिनो आम्ले आवरण देऊन तयार करतात तेव्हा काही आवरणे नेमकी उलट गुणाची घेतात, म्हणजे कोटीपोटात टिकणारी आणि चौथ्या कप्प्याच्या आम्लात उघडणारी. बायपास फॅट म्हणून मिळणाऱ्या खाद्यातही चरबीचे चुन्याशी संयुग केलेले असते, ते कोटीपोटात तसेच राहते आणि आम्लात सुटे होते. माणसाची गोळी आणि जनावराची गोळी यांत फरक केवळ आकाराचा नाही, हे यावरून ध्यानात येईल.

डायक्लोफेनॅकच्या बाबतीत आणखी एक गंभीर कारण आहे. हे औषध दिलेले जनावर मेल्यानंतर त्याचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. देशातील गिधाडे त्यामुळे जवळजवळ नामशेष झाली. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये आणि ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन यांवर २०२३ मध्ये बंदी घालण्यात आली आहे. माणसाच्या डब्यातील गोळी गोठ्यात वापरल्यास बंदीचा उद्देशच विफल होतो. लंगडणाऱ्या जनावरासाठी पशुवैद्यकाकडून मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांना सुरक्षित असलेले औषध लिहून घ्यावे आणि मात्रा जनावराच्या वजनावर ठरवून घ्यावी.